खाडीपलीकडे शून्य

या अंकाच्या संपादकांना मी आजवर सुरंगीच्या फुलांच्या वळेसरांवर, काजूच्या बोंडांवर, मुक्कामी एसट्यांवर आणि एकदा तर माझ्या मोतीबिंदूवर लेख दिला आहे. दर वर्षी ते माझ्या नोकरीबद्दल मागतात, दर वर्षी मी दुसरंच काही पाठवतो. सभ्य गृहस्थ आहेत, छापतात. यंदा मात्र फोनवर म्हणाले, "काका, नोकरीबद्दल लिहा. दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू नको."

तर नोकरीबद्दल. इतकी वर्षं टाळलं त्याचं कारण साधं आहे. या नोकरीत मला व्यासपीठावर खुर्ची मिळाली आणि शाल मिळाली. खरं सांगितलं असतं तर शाल परत करावी लागली असती. आता तिला कसर लागली आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

मी शब्दांच्या अर्थांमधलं अंतर मोजत असे. जामसंड्याच्या तिठ्यावर हे सांगितलं की लोक विचारीत, "कसल्यान मोजतास? फुटपट्टीन?" मी विद्वानासारखा हसत असे. फुटपट्टी वापरली असती तर एका बाईचं तरी भलं झालं असतं.

शास्त्र असं आहे. दोन बोलींत कानाला सारखे लागणारे दोन शब्द सापडले, की प्रश्न येतो, हे एकाच आजोबांचे नातू आहेत, की जत्रेत योगायोगाने एकसारखा शर्ट घालून आलेले दोघे? आवाजांची तपासणी त्यातल्या त्यात सोपी. आवाज बदलतात ते बरेचसे शिस्तीत बदलतात. एका शब्दात एक आवाज बदलला तर त्याच जागी बसणाऱ्या दुसऱ्या शब्दांतही बदलतो. अर्थाला अशी शिस्त नाही. एका बोलीत शब्दाचा अर्थ 'चंद्र' असतो, दुसरीत तशाच चेहऱ्याच्या शब्दाचा अर्थ 'महिना'. हे दोघे भाऊ असू शकतात, कारण माणसं चंद्राकडे बघूनच महिने मोजत आली. पण एकीकडे 'चंद्र' आणि दुसरीकडे 'खेकडा' असेल, तर चेहरा कितीही जुळो, जपून राहायचं.

पूर्वी हे अंतर विद्वान मनातल्या मनात मोजत. ज्याला स्वतःचं मत सिद्ध करायचं असे त्याला चंद्र आणि खेकडाही शेजारी राहताना दिसत. म्हणून नवी पद्धत आली. विद्वानाला विचारू नका, बोली बोलणाऱ्याला विचारा. त्यालाही शब्द ऐकवू नका, फक्त दोन अर्थ दाखवा, कारण शब्द सारखे ऐकू आले की अर्थही जवळचे वाटू लागतात. आडनाव कळलं की स्थळ पसंत पडू लागतं, तसं. आणि त्याने जे ठरवलं त्याला आपण किती गुण देतो तेही त्याला सांगू नका. म्हणजे मोजणारा आंधळा, मोजून घेणारा आंधळा, आणि निष्कर्ष मात्र डोळस. मला ही पद्धत फार आवडली. मी तेव्हा कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि वर्गापासून लांब नेणारी कोणतीही पद्धत मला आवडलीच असती.

शहरातल्या एका संस्थेने आमच्या किनाऱ्यावरच्या आणि घाटावरच्या बोलींची अशी तुलना करून त्यांचा वंशवृक्ष काढायचं ठरवलं. संस्थेचे प्रमुखसाहेब शहरात बसणार, मी जिल्ह्यात फिरणार. त्यांच्याकडून कार्डांचे गठ्ठे आले. प्रत्येक कार्डावर दोन अर्थ, आणि सूचना: 'असंबद्ध, किंचित संबद्ध, बहुतांशी संबद्ध, अतिसंबद्ध यांपैकी एक निवडावे.'

पहिली चाचणी मी शेजारच्या भाईवर घेतली. भाई कोर्टात बेलिफ होता. जन्मभर लोकांच्या दारात समन्स घेऊन गेलेला माणूस, कोणाला घाबरत नसे.

"अतिसंबद्ध म्हणजे कितको रे?" त्याने विचारलं. "पोलिसात जाण्याइतको?"

"भाई, फक्त सांग. चंद्र आणि खेकडा. लांब की जवळ?"

"जवळ."

"जवळ?"

"पुनवेची कुर्ली पोकळ आणि अवसेची भरलेली. ह्या माहीत नसताना तुका कॉलेजात कोणी ठेवल्यान?"

त्या दुपारी मी माझ्या घरापुढच्या खळ्यात खडूने चार चौकोन काढले आणि माझ्या आयुष्यातला एकमेव शोध लावला. अर्थ म्हणजे माणसं समजायची. दोन अर्थ एकमेकांचे कोण लागतात? एका घरातले, एका वाडीतले, एका गावातले, की खाडीपलीकडचे? कार्ड त्या त्या चौकोनात ठेवायचं. एका घराला तीन गुण, वाडीला दोन, गावाला एक. खाडीपलीकडे शून्य.

शून्य का, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. आमची आई म्हणायची, खाडीपलीकडे दिलेलां चेडू आणि नारळी पुनवेचो नारळ, दोनय परत येनत नाय. एक मुलगी आणि एक नारळ, एवढ्या पुराव्यावर मी शास्त्र उभं केलं. पुढे अनेक विद्वान भेटल्यावर लक्षात आलं की एवढाही पुरावा पुष्कळांजवळ नसतो.

प्रमुखसाहेब खूश झाले. "वाडी-मापन पद्धती!" ते म्हणाले. "अगदी मातीतली!" शहरातल्या माणसाला मातीतलं काही सापडलं की तो लगेच त्याचं प्रकरण करतो. ग्रंथात या पद्धतीवर स्वतंत्र प्रकरण ठरलं, माझ्या नावासकट.

माप चुकू शकतं याच्या खुणा पहिल्यापासून होत्या. भाईने 'भाऊ' आणि 'वैरी' हे कार्ड क्षणाचाही विचार न करता एका घराच्या चौकोनात टाकलं. मी कारण विचारलं तर म्हणाला, "समन्स बजावूक एकाच दारात जावचां लागता." हा किस्सा मी पुढे प्रत्येक चर्चासत्रात सांगितला. लोक हसत, मीही हसत असे. हसण्याखेरीज त्याचा काही उपयोग असेल असं कोणाच्या मनात आलं नाही.

दुसरी खूण आंबोलीत मिळाली. तिथे रस्त्याकडेला चहा-भजीची गाडी लावणारा बाबल आमचा जाणकार होता. वाचणारा, बोलीवर प्रेम करणारा माणूस. मी एक नियम केला होता: कार्डांचा पहिला गठ्ठा जाणकाराने माझ्यासमोर लावायचा, मी तिथेच बसून बघायचं. बाहेर पाऊस असा की प्लास्टिकखाली बसून आम्हाला एकमेकांचं ऐकू येत नव्हतं. बाबलने सगळा गठ्ठा एका घरात टाकला.

"धूर आणि धुकां एका घरात, ठीक," मी ओरडलो. "म्हैस आणि छत्री?"

"दोगांय पडवेत एकाच खुट्याक."

"बाबल, पाऊस थांबलाय असं समज."

"ता समजूक जमाचां नाय साहेब. थांबलेलो मी बघलंयच खंय?"

शेवटी मी त्याच्यापुरतं माप बदललं. स्टँडवरून निघालेले दोन अर्थ. एकाच सीटवर बसलेत, एकाच गाडीत आहेत, मागच्या गाडीत, की एक घाट चढतोय आणि दुसरा उतरतोय? "हां, ह्या कसां बरां सांगलात," म्हणत त्याने भजी तळता तळता सगळी कार्डं झकास लावली. म्हणजे माप माणसाच्या गावाप्रमाणे बेतावं लागतं, हे मला आंबोलीत कळलं होतं. नीट कळलं होतं. घाट उतरून सावंतवाडीला येईपर्यंत मी त्याचाही किस्सा करून टाकला.

मग आरोंदा.

आरोंद्याच्या आंजेलीनबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. आवाज खणखणीत, अक्षर मोत्यासारखं, आणि त्या अक्षराचा गर्व सगळ्या तालुक्याला माहीत. माझ्या पहिल्याच पत्रातल्या दोन वेलांट्या त्यांनी लाल शाईने दुरुस्त करून पत्र मला परत दिलं होतं. झेरॉक्स पुसट निघाली तर घेत नसत. मला त्या थोड्या तापदायक वाटत, हे लपवत नाही. पण काम जीव ओतून करीत. त्यांच्या ख्रिस्ती घरांत बोलली जाणारी बोली आमच्या यादीत होती. बाईंची म्हातारी आई अजून जुने शब्द वापरी, आणि बाई रविवारी तिच्याजवळ बसून ते लिहून घेत. शनिवारी शाळेत त्याच शब्दांत मुलांना गोष्टी सांगत.

"सर, आमची भास तुमच्या पुस्तकात येतली मां?" हा त्यांचा प्रश्न दर भेटीत असे.

"येतली ओ बाई."

"तुमच्या बाजूक बसवतालात मां? भयणीसारखी?"

"बाई, ता मी नाय ठरवूचंय. कार्डां ठरवतली."

"माजे आळीतले पोरगे वर्गात तोंड उघडनत नाय. बाकीचे म्हणतत, तुमची भास भायली. एकदा पुस्तकात छापान येवंदे, मगे बघतंय कोण भायली म्हणता ता."

त्यांना माझ्याकडून एवढंच हवं होतं. चर्चासत्र नको, शाल नको. त्यांची बोली आमच्या बोलीची बहीण आहे, असं कोणीतरी छापून द्यावं. आणि ती बहीण होतीच. त्यांच्या घरी एकदा चहा प्यायलेल्या कोणालाही ते कळलं असतं. पण चहा पिऊन कळलेलं शास्त्रात धरत नाहीत.

कार्डं द्यायला गेलो तेव्हा सावंतवाडीची गाडी सुटायला आली होती. पहिला गठ्ठा समोर बसून लावून घ्यायचा, हा नियम आठवला; मग वाटलं, शिक्षक आहेत, समजलं असणार. खरं म्हणजे आणखी वेलांट्या दुरुस्त करून घ्यायची माझी इच्छा नव्हती. मी चार चौकोन समजावले आणि पिशवी उचलली. बाईंनी दारात थांबवलं.

"सर, एक इचारू? जवळचां म्हणजे चलान जवळचां, काय जिवान जवळचां?"

चालत जवळचं की जिवाला जवळचं, इतका चांगला प्रश्न मला त्या साऱ्या प्रकल्पात कोणी विचारला नव्हता. मी काय उत्तर दिलं? "तुम्हांला वाटेल तसं. यात बरोबर-चूक काही नाही." जाणकारावर आपल्या मताची छाप पडू द्यायची नाही, असं शास्त्र सांगतं. गाडी चुकू द्यायची नसेल तेव्हा हे शास्त्र फार उपयोगी पडतं.

बाईंची पत्रकं आली. नेहमीचं सुंदर अक्षर, एक खाडाखोड नाही. पत्रकावर कार्डांचे फक्त क्रमांक असत आणि पुढे चौकोन. मी त्यांचे गुण करून शहरात पाठवले आणि तिथल्या कॉम्प्युटरने वंशवृक्षाचं झाड काढलं; गुण जितके कमी, तितकी बोली लांबच्या फांदीवर. आमच्याकडे देवळात कौल लावतात. देवाच्या अंगावर फुलं लावायची आणि उजवं पडतं की डावं ते बघायचं. तरी गावकरी देवाशी हुज्जत घालतो, पुन्हा कौल लाव म्हणतो. कॉम्प्युटरशी तशी पद्धत नाही. प्रमुखसाहेब फोनवर आधी विचारीत, "झाड काय म्हणतं?" आणि झाड जे म्हणेल ते सगळ्यांना आधीपासून ठाऊकच असे.

झाड म्हणालं की देवगड, मालवण, आंबोली एका फांदीवर आणि आरोंद्याच्या ख्रिस्ती घरांची बोली पार बुंध्याजवळ फुटलेल्या वेगळ्या काटकीवर. बाईंच्या आळीत कोंबडा आरवला तर पलीकडच्या आळीत ऐकू येतो. झाडाप्रमाणे त्या दोन आळ्यांत हजारो वर्षं पडली होती.

"अत्यंत रंजक!" प्रमुखसाहेब म्हणाले. "खाडीकाठचं एक बेट! यावर वेगळा निबंध होईल." मला जरा विचित्र वाटलं. पण निबंधाच्या लेखकांत माझं नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं, आणि तेवढ्याने पुष्कळ विचित्र वाटायचं थांबतं.

ग्रंथाची मुद्रितं आली तेव्हा जाणकारांची नावं तपासून घ्यायला मी पुन्हा आरोंद्याला गेलो. बाई घाईत होत्या, तरी चहा ठेवला. आम्ही ओटीवर बसलो. घर मोठं होतं, पण मधोमध भिंत घातलेली. भिंतीपलीकडे कोणीतरी खोकलं.

"कोण रवतत थंय?" मी विचारलं.

"धाकटो दीर. बोलनत नाय आमी. परसातल्या फणसावरसून भांडाण."

"एका घरात रवान?"

"एका घरात रवतत म्हणानच तर!" बाई खळखळून हसल्या. "सर, जगात माका सगळ्यात लांबचो कोण आसात तर ह्यो. तुमची कार्डां लावताना माका ह्योच आठवत होतो."

चहा झाल्यावर आम्ही बरोबरच निघालो. बाई रस्त्याला न लागता खाडीकडे उतरल्या. त्यांचा भाऊ कायतान होडी घेऊन उभा होता. पूल होता, पण पुलावरून म्हणजे बसचा वळसा. होडी थेट अंगणाला लागते.

"खंय चललात बाई?"

"घरा."

"घर मागे रवलां ना?"

"ह्यां सासर ओ. घर थंय." त्यांनी पलीकडे हात केला. समोर माडांत एक पांढरं घर होतं आणि दारात म्हातारी उभी होती. "आवय थंय, भाव थंय, माजी भास थंय. जिवाचां म्हणून जा काय आसा ता सगळां खाडयेपलीकडे."

होडी सुटली. मी तिथेच उभा राहिलो. मला त्या पत्रकावरच्या सगळ्या क्रमांकांचा अर्थ एकाच वेळी दिसला. झाड आणि लाकूड, चंद्र आणि महिना, सगळी सख्खी नाती त्यांनी मायेने खाडीपलीकडे ठेवली होती आणि मी प्रत्येकाला शून्य दिलं होतं. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली कार्डं त्यांनी दिराशेजारी, एका घरात टाकली होती आणि मी त्यांना तीन-तीन गुण वाटले होते. बाईंनी एक कार्ड चुकीचं लावलं नव्हतं. किती गुण कशाला, हे त्यांना सांगायचंच नाही असा नियम होता, त्यामुळे त्यांना कळायचीही सोय नव्हती. कळायची सोय फक्त मला होती.

छपाई सुरू व्हायची होती. गुण उलटे करून पुन्हा झाड काढायला कॉम्प्युटरला चहा पिण्याइतका वेळ लागला असता. मी तिथूनच प्रमुखसाहेबांना फोन लावला.

"बरं झालं फोन केलात," ते म्हणाले. "आरोंद्याच्या काटकीला कोणता रंग देऊ? नारिंगी की जांभळा?"

आता सांगायचं होतं. पण आरोंदा चुकलं म्हटलं की माप चुकलं. माप चुकलं म्हटलं की आंबोलीच्या एसट्या निघणार, नियम मोडून पळालेली सावंतवाडीची गाडी निघणार, माझ्या नावाचं प्रकरण जाणार, निबंध जाणार. हे सगळं माझ्या डोक्यात किती झरझर मोजून झालं! अंतर मोजायला मी कधीच इतका चपळ नव्हतो.

"जांभळा," मी म्हणालो.

प्रकाशन एका मोठ्या सभागृहात झालं. आंजेलीनबाई आईला घेऊन आल्या होत्या. म्हातारीने ठेवणीतलं कापड नेसलं होतं, केसांत आबोली होती. कायतान मागे उभा होता. भाषणं झाली, त्यांत मातीचा उल्लेख पुष्कळ वेळा झाला. मग पडद्यावर झाड आलं. मी व्यासपीठावर होतो. पहिली रांग इतकी जवळ होती की म्हातारीचा प्रश्न मला ऐकू आला.

"आमी खंय गो?"

बाईंनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं. मग बोट केलं.

"ती जांभळी?" म्हातारी म्हणाली. "एकलीच?"

बाईंनी बोट खाली घेतलं.

शाल घेऊन मी खाली उतरलो तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. आजवर त्या माझ्याशी स्वतःच्या बोलीतच बोलल्या होत्या, अगदी वेलांट्यांवरून रागावल्या तेव्हासुद्धा. त्या दिवशी प्रथमच शाळा तपासायला आलेल्या साहेबाशी बोलावं तसं शुद्ध मराठी बोलल्या.

"सर, माझंच काहीतरी चुकलं असणार. मी कार्डं घाईत लावली असतील. माझ्यामुळे तुमच्या ग्रंथात चूक राहिली असेल, तर मला माफ करा."

आणि मी त्यांना माफ केलं. हो, केलं. खांद्यावरची शाल सारखी करत मोठ्या मनाने म्हणालो, "असू दे बाई. होतं असं कधी कधी."

तो ग्रंथ कोणी वाचला नाही. तेवढ्यावर भागलं असतं तर मीही हा लेख लिहिला नसता. पण संस्थेने झाडाचे रंगीत तक्ते छापून शाळांना फुकट वाटले, आणि तक्ता वाचावा लागत नाही, तो दिसतो. बाईंच्या शाळेत तो व्हरांड्यात लागला. 'भायली', म्हणजे बाहेरची, म्हणणाऱ्या पोरांना आता छापील आधार मिळाला होता. बाईंनी शनिवारच्या गोष्टी बंद केल्या. आईचे शब्द लिहून घेणंही थांबवलं. मी एकदा भेटल्यावर विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "आता कशाला, सर? झालं ना काम तुमचं." पुढे म्हातारी गेली. तिच्यापाशी जे शब्द होते ते आता कुठेच नाहीत. आमच्या ग्रंथात तर नाहीतच.

दरम्यान मी 'वाडी-मापन पद्धती'वर भाषणं देत होतो. भाईचा किस्सा, बाबलचा किस्सा, हशा. आरोंद्याचा किस्सा कधी सांगितला नाही.

या वर्षी डोळ्याची पट्टी निघाली आणि मी आरोंद्याला गेलो. बाई निवृत्त होऊन आता माहेरच्या घरीच राहतात, हे कळलं होतं. कायतानला निरोप दिला, त्याने होडी आणली. तोही थकला आहे, पण होडी पाण्यावर हलकी ठेवतो. सबंध रस्ताभर मी एकच वाक्य घोकत होतो, आणि ते मालवणीत होतं, कारण प्रमाण मराठीत मी त्यांच्याशी पुरेसं खोटं बोललो होतो.

बाईंनी चहा दिला, तळलेले गरे दिले, माझ्या डोळ्याची चौकशी केली. आत कायतानवर त्यांच्या बोलीत ओरडत होत्या, "चिखलाचे पाय घेवन खंय येतंस रे, आत्ताच पुसलंय मियां!" आणि बाहेर येऊन मला म्हणत होत्या, "आणखी थोडी साखर घालू का, सर?" एकाच घरात मला दोन भाषा ऐकू येत होत्या, आणि माझ्या वाट्याला कोणती आली होती ते उघड होतं.

"बाई," मी सुरुवात केली, "ती कार्डां..."

"अरे देवा, ते अजून तुमच्या मनात आहे?" त्यांचा चेहरा एकदम ओशाळा झाला. "सर, मला खरंच वाईट वाटतं हो. तुमचं एवढं मोठं काम, आणि माझ्या हातून चूक. आई जाईपर्यंत विचारत होती, तू काय लिवन दिलंस गो त्यांका? मी काय सांगणार?"

मला तोंड उघडायचं होतं आणि ते उघडलंही.

"असू दे बाई," मी म्हणालो.

दुसऱ्यांदा माफ केलं. फार उदार माणूस आहे मी.

म्हणून हा लेख. दिवाळी अंकात माफी मागण्याचा एक फायदा असतो, ज्याची मागायची तो सोडून सगळे ती वाचतात. हा अंक खाडीपलीकडे जात नाही, हे लिहायला बसण्याआधी मी संपादकांकडून खात्री करून घेतली आहे.

परत येताना मध्यावर पाणी उथळ लागलं तसं कायतानने इंजिन बंद केलं आणि काठीने होडी रेटू लागला. एकदम शांत झालं. पांढरं घर मागे दिसत होतं, दारात बाई उभ्या होत्या. मी त्या दिशेला तोंड करून घोकलेलं वाक्य म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

"बाई, तुमचां काय एक चुकूक नाय. चुकलां ता माजां माप. आणि ता माका छापूच्या आदीच कळलेलां."

काठी थांबली.

"माका काय म्हणालात, सर?" कायतानने विचारलं.

तो तिचा सख्खा भाऊ. मला सोडून तो थेट तिच्याच अंगणात जाणार होता.

"काय नाय रे," मी म्हणालो. "पाणी चढता काय उतारता, इचारतंय."

"उतारता," तो म्हणाला. "बेगीन उतरा, नायतर चिखल लागतलो."

मी उतरलो. त्याने होडी वळवली आणि निघाला. बराच वेळ तो हाकेच्या अंतरावर होता.